गोधडीतलं पांढरं

दुपारची भांडी आवरून, मांडीवर सुपात काही निवडायला घेऊन तुम्ही रेडिओ लावला असेल.

आज आम्ही गोधडीविषयी बोलणार आहोत. कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. ती शिवायची कशी हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणींचा हात आमच्यापेक्षा सरस असेल. पण गोधडीत पांढरं कापड घालायचं म्हटलं की बाई दोन पावलं मागं सरते. पांढरं मळतं, पांढऱ्यावर डाग दिसतो, पांढऱ्याला दुसऱ्याचा रंग लागतो. आणि एक कारण असं असतं, जे बाई मोठ्यानं बोलत नाही. आज त्या सगळ्याविषयी बोलू. आमच्या गटाची एक मोठी चूक झाली होती, ती सांगूनच सुरुवात करतो.

शहरातल्या एका ताईंनी आम्हाला सहा बाळगोधड्यांची ऑर्डर दिली होती. बारशाला भेट द्यायच्या होत्या. एका गोधडीचे आठशे रुपये ठरले. त्यांचं म्हणणं एवढंच, की आतबाहेर सगळं सुती हवं, मधला भाग पांढरा हवा आणि कडेला रंग हवा. आमच्यासाठी एवढी ऑर्डर म्हणजे मोठी गोष्ट. गटातून दीड हजार रुपये अंतर्गत कर्ज काढलं, दोरा आणला, मांजरपाट आणला, कडेला लावायला लाल खण आणला. मधल्या भागाला मऊ पांढरं कापड कुठून आणायचं हा प्रश्न होता. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं.

आमच्या गटात एक आक्का आहेत. वय सत्तरीच्या पुढं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या ट्रंकेत मालकांची धोतराची पानं घडी घालून ठेवलेली होती, आणि त्यांची स्वतःची दोन पांढरी पातळंही होती. आम्ही मागितली, त्यांनी काढून दिली. पैसे घेतले नाहीत. “लेकराच्या अंगाखाली जाईल, बरंच झालं,” एवढंच म्हणाल्या.

गोधड्या छान झाल्या. पण हाताळून हाताळून मळल्या होत्या, एकीवर हळदीचं बोट उमटलं होतं, खणाला खळ होती. म्हणून ठरवलं, धुऊनच पाठवू. पहिल्या दोन दुपारी धुऊन वाळवल्या, त्या नीट निघाल्या. उरलेल्या चार संध्याकाळी धुतल्या. आभाळ भरून आलं होतं, त्यातच लाइट गेली. वाळत घालायला जागा नाही. मग चारही ओल्या गोधड्या घडी करून टपात ठेवल्या आणि सकाळी पिळू म्हणून आम्ही घरी गेलो.

सकाळी काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. लाल खणाचा रंग रात्रभर पांढऱ्यात उतरला होता. एक गोधडी आमच्यातल्या एकीनं पहाटेच घाईत दोरीवर टाकली होती. आपण काय वाळत घातलंय हे तिला अंधारात दिसलं नाही. बाकीच्या तीन टपातच होत्या. पांढऱ्यावर गुलाबी ढग उठल्यासारखे डाग.

त्याच दुपारी बैठक घेतली. जीव घाबरा झाला होता. कर्ज डोक्यावर, तारीख आठ दिवसांवर. अशा वेळी तोंडाला लगाम राहत नाही. एक जण म्हणाली, “पांढरं घातलंच कशाला?” दुसरी म्हणाली, “आणि तेही कुणाच्या अंगावरचं, बारशाच्या कामाला. असं होणारच.” नाव कुणी घेतलं नाही. पण आक्का दाराशीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. वही आली तेव्हा सही केली, बचतीचे पैसे ठेवले आणि उठून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना त्यांची बचत नातवाच्या हाती आली. त्या आल्या नाहीत.

मैत्रिणींनो, आता नीट विचार करा. रंग कुणी सोडला? लाल खणानं. ओल्या गोधड्या घडी करून कुणी ठेवल्या? आम्ही. आणि दोष कुणाला लागला? पांढऱ्याला. आमच्या सचिवानं त्या बैठकीचा इतिवृत्तांत लिहायला घेतला, तेव्हा हे आमच्या ध्यानात आलं. वहीत लिहायचं काय, हा प्रश्न पडला. “पांढऱ्या कापडामुळे नुकसान झाले” असं लिहिलं तर ते खोटं होतं.

आम्ही दोघी-तिघी आक्कांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण शब्द सुचेनात. आक्कांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, “कापड मागायला आलात, तसं एकदा विचारायलाही यायचं होतं. लाल खण रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय पांढऱ्याशेजारी घालतात होय?”

आम्ही खाली मान घातली. पन्नास वर्षं वाकळा शिवणारी बाई आमच्या गटात बसलेली, आणि आम्ही तिच्याकडून फक्त कापड घेतलं. सल्ला मागितला नाही.

त्या दिवसानंतर आम्ही आक्कांकडून, आणि स्वतः करून बघून, पांढऱ्या कापडाविषयी जे शिकलो ते आता सांगतो. पाटी-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे कापडाची पारख. जुनं धोतर किंवा पातळ हातात आलं की उजेडासमोर धरा. जिथं विरलं असेल तिथून उजेड जास्त येतो. धोतर बहुतेक वेळा बसण्याच्या भागात विरतं, काठाकडचा भाग पक्का राहतो. दोन्ही हातांनी हलका ताण द्या. चर्र आवाज आला तर तो भाग वर लावू नका, आत भर म्हणून घाला. नवा मांजरपाट घेतला तर तो आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवूनच कापा, कारण तो आटतो. किती आटतो ते स्वतः बघा. एक हात लांब-रुंद तुकडा कापा, वहीच्या कागदावर माप लिहा, गरम पाण्यात धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. जुनं कापड आधीच आटलेलं असतं. नवं आणि जुनं न धुता एकत्र शिवलं, तर पहिल्या धुण्यात नवं आखडतं आणि जुन्याला चुण्या पडतात.

दुसरी गोष्ट, सगळं पांढरं एकसारखं नसतं. कोरा मांजरपाट सायीच्या रंगाचा असतो. धुवट धोतराला नीळ लागलेली असते, ते निळसर दिसतं. बाजारातलं नवं पांढरं कापड डोळे दिपतील इतकं चकचकीत असतं. ही तीन पांढरी शेजारी शेजारी ठेवली तर त्यातलं एक मळकं वाटायला लागतं, मग ते कितीही स्वच्छ असो. म्हणून एका गोधडीला एका जातीचं पांढरं वापरा. आणि कापडं दिवसाच्या उजेडात, दारात नेऊन जुळवा. बल्बच्या उजेडात हा फरक कळत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, रंगाची परीक्षा. पांढऱ्याशेजारी जे जे रंगीत कापड जाणार आहे, त्याच्या प्रत्येकाच्या कोपऱ्याची परीक्षा घ्या. पांढरी चिंधी पाण्यात भिजवून रंगीत कापडावर जोरात चोळा. चिंधीला रंग लागला तर ते कापड कच्चं. त्याहून खात्रीची परीक्षा अशी. रंगीत तुकडा आणि पांढरा तुकडा एकावर एक ठेवून कच्च्या टाक्यानं जोडा, साबणाच्या पाण्यात भिजवा आणि तसेच ओले रात्रभर वाटीखाली दाबून ठेवा. सकाळी पांढरा तुकडा पांढराच राहिला, तर बिनधास्त वापरा. ही परीक्षा आम्ही घेतली असती तर दोन बोटांच्या चिंधीवर भागलं असतं. लाल, गडद निळा, काळा आणि जांभळा या रंगांच्या बाबतीत विशेष सावध राहा.

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, मिठाच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो. आम्हीही तेच ऐकत आलो. पण लक्षात घ्या, काही रंग कापडाला चढवताना मीठ लागतं, ते खरं. एकदा रंगवून विकायला आलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठानं, तुरटीनं किंवा व्हिनेगरनं खात्रीनं पक्का होत नाही. खरा उपाय कंटाळवाणा आहे. जास्तीचा रंग काढून टाकायचा. कापड गरम पाण्यात भिजवा, पाणी ओता, पुन्हा भिजवा. पाणी नितळ येईपर्यंत हे करत राहा. पाच-सहा पाण्यांनंतरही रंग येतच असेल, तर त्या कापडाची पिशवी शिवा, दाराचं तोरण करा, पण ते पांढऱ्याशेजारी घालू नका.

चौथी गोष्ट मांडणीची. पांढरं कापड पातळ असतं, खालचं सगळं वर दाखवतं. आत भर म्हणून गडद साडी घातली की पांढरं काळवंडलेलं दिसतं. म्हणून पांढऱ्याच्या लगेच खाली फिकी साडी किंवा मांजरपाटाचा थर घ्या. तुकडे लावताना पांढरा तुकडा आधी ठेवा आणि गडद तुकड्याची दुमडलेली कड त्याच्यावर आणा. उलटं केलं तर गडद कापडाची पट्टी पांढऱ्याखालून सावलीसारखी दिसते. कापडाचे सुटलेले रंगीत धागेही आत राहू देऊ नका, तेही वरून दिसतात.

आणखी एक. गोधडी आधी मळते ती कडेला, जिथं हात आणि पाय लागतात. म्हणून कड गडद आणि पांढरं मधे, ही जुनी रीत आहे, आणि ती उगाच पडलेली नाही.

पाचवी गोष्ट टाक्यांची. पांढऱ्यावर पांढरा दोरा घातला तर वाकडा टाका झाकला जातो. रंगीत दोरा घातला तर एकेक टाका बोलतो. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी मात्र रंगीत दोरा जरूर घालून बघावा. बंगालमधल्या कांथ्याचं उदाहरण घ्या. तिथल्या खेड्यांतल्या बाया जुनी पांढरी धोतरं आणि साड्या एकावर एक ठेवून शिवत आल्या आहेत. रंगीत दोरा विकत घ्यायचा नाही, तर साडीच्या काठातून ओढून काढायचा, आणि त्यानं पांढऱ्यावर फुलं, मासे, झाडं भरायची. धावदोरा आपलाच, कापडही आपल्यासारखंच जुनं. आज त्या कांथ्यांना देशाबाहेरही मागणी आहे. आपण ज्याला “पांढरं मळतं” म्हणून बाजूला टाकतो, ते त्यांनी फळ्यासारखं वापरलं.

खुणा करायच्या त्या बॉलपेननं कधीच करू नका. गडद कापडावर साबणाची चिपटी चालते, पांढऱ्यावर ती दिसत नाही. पांढऱ्यावर नखानं दुमड पाडा, किंवा टोकदार पेन्सिल अगदी हलकी फिरवा. शिवायला बसताना हात धुवा, खाली स्वच्छ चादर अंथरा आणि तेलाची वाटी, हळदीचा डबा, पानाची चंची लांब ठेवा. सुई बोटात गेली आणि रक्ताचा थेंब पडला, तर लगेच थंड पाण्यानं टिपा. गरम पाणी लावलं की रक्ताचा डाग बसतो. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, तेव्हा घाबरू नका. धुऊन कडक उन्हात ठेवा, हळद उन्हानं उडते.

पांढरं करण्यासाठी ब्लीचिंगचं पाणी मात्र जपून वापरा. त्यानं धागा कमजोर होतो. जुन्या धोतराचा धागा आधीच थकलेला असतो. आणि शेजारच्या रंगीत कापडाचा रंगही त्यानं जातो.

आता सगळं करूनही रंग लागलाच तर काय करायचं? गोधडी वाळू द्यायची नाही. उन्हात टाकायची नाही, इस्त्री करायची नाही. मोठ्या भांड्यात भरपूर कढत पाणी घ्या, त्यात कपड्यांची पावडर घाला आणि गोधडी पूर्ण बुडेल अशी सहा-सात तास, जमलं तर रात्रभर ठेवा. पाणी कमी घेऊ नका. सुटलेला रंग पाण्यात मोकळा राहायला हवा, नाहीतर तो परत कापडात बसतो. घडी करून दाबू नका, मोकळी सोडा. पाणी रंगलं की ओतून पुन्हा नवं घ्या. आणि धुऊन झाली की लगेच पिळून, पसरून, सावलीत वाऱ्यावर वाळवा. ओली गोधडी घडी करून ठेवायची नाही, हे आमच्या गटाच्या वहीत आता लाल शाईनं लिहिलेलं आहे.

आमच्या टपातल्या तीन गोधड्या अशा तीन पाण्यांत स्वच्छ झाल्या. आक्का स्वतः चुलीपाशी बसून पाणी तापवत होत्या. दोरीवर वाळलेली चौथी मात्र गुलाबीच राहिली. आम्ही त्या ताईंना फोन केला, झालं ते खरं सांगितलं आणि दहा दिवस वाढवून मागितले. त्यांनी दिले. सहावी नव्यानं शिवली, या वेळी खण आक्कांनी स्वतः भिजवला. ऑर्डर पुरी झाली, कर्ज फिटलं, नफा थोडाच उरला. पण त्या ताईंनी पुन्हा ऑर्डर दिली, आणि ती देताना म्हणाल्या, “मधलं पांढरं तसंच मऊ हवं.”

आता त्या न बोलल्या जाणाऱ्या कारणाकडे येऊ. पांढरं म्हणजे अशुभ, विधवेच्या अंगावरचं म्हणजे अशुभ. बायांनो, आपल्या घरात बाळ जन्मलं की त्याला पहिल्यांदा कशात गुंडाळतात? आजोबांच्या जुन्या धोतरात. लंगोट कशाचे करतात? त्याच धोतराचे. कारण ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, त्यात सुटणारा रंग नसतो, मळलं तर दिसतं आणि उकळून काढता येतं. तिथं पांढरं चालतं. मग आक्कांच्या ट्रंकेतून आलं की ते अशुभ कसं होतं? कापड तेच आहे. आपण बाईला बाजूला सारतो, आणि तिच्याबरोबर तिच्या कापडालाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या गावानं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करायच्या. त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही त्या वाटेनं जायला सांगितलं. ठराव ग्रामपंचायतीत होतो, पण तो उतरायला हवा आपल्या बैठकीत, आपल्या जिभेवर. आमच्या गटानं एक साधा नियम केला आहे. बारशाची गोधडी असो की रुखवतातली, पहिला टाका कोण घालणार हे ज्याच्या त्याच्या कपाळावरच्या कुंकवावरून ठरणार नाही. ज्या बाईचा हात सरळ, ती पहिला टाका घालणार. सध्या तो टाका आक्काच घालतात, कारण त्यांच्याइतका सरळ हात आमच्यात कुणाचा नाही.

हे सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. जी बाई त्या दिवशी बोलली होती, तिनं आक्कांची माफी मागितली, पण अजूनही तिच्या मनात थोडं आहे, हे आम्हाला कळतं. आक्कांनाही ते कळतं. दोघी शेजारी बसून शिवतात. बाकीचं हळूहळू होईल.

तुमच्याकडून आम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातलं एक जुनं पांढरं कापड आणि एक गडद रंगाचा तुकडा आणा. ओल्या चिंधीची परीक्षा सगळ्यांनी मिळून घ्या. आणि गटातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला विचारा, तुम्ही वाकळेला पांढरं कसं लावत होता? ती सांगेल ते लिहून ठेवा. आमच्या सहा गोधड्यांपेक्षा जास्त किमतीचं काहीतरी तुमच्या वहीत येईल.

ती गुलाबी राहिलेली गोधडी आम्ही विकली नाही, फेकलीही नाही. बैठकीला आम्ही तीच अंथरतो आणि कर्जाची वही तिच्यावर ठेवतो. नवी बाई गटात आली की विचारते, हा डाग कशाचा? मग आम्ही तिला सांगतो, की हा आमच्या घाईचा डाग आहे.

सुई जपून चालवा. राम राम.